टेक-होम असाइनमेंट: कोडच्या आधी काय, नंतर काय, आणि नेमकं कुठे घसरतं

मी इंदूरला विजयनगरमध्ये एका ऑफिसात बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरकडच्या कोडचं काम करतो. आमच्याकडे नवीन डेव्हलपर घ्यायचा असला की लोकांनी घरून करून पाठवलेल्या असाइनमेंट तपासायला माझ्याकडे येतात, आणि परत परत तेच दिसतं. पोराला कोड येत असतो, चांगला येत असतो, पण तीन दिवसांतले अडीच दिवस त्याने फीचर वाढवण्यात घालवलेले असतात, शेवटच्या अर्ध्या तासात रीडमी (कसं चालवायचं ते सांगणारी फाइल), टेस्ट, रेपो (गिटवर ठेवलेलं कोडचं फोल्डर) सगळं एकदम उरकलेलं असतं, आणि मग माझ्या लॅपटॉपवर ते प्रोजेक्ट चालूच होत नाही. चालू झालं नाही की आतला कोड कोणी वाचत नाही. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण भंवरकुआँला, विद्यार्थ्यांच्या भागात, रूम घेऊन राहणारं, दिवसा दुसरी नोकरी करून रात्री हे लिहिणारं कोणीतरी असतं ते.

चूक बहुतेक वेळा क्रमात असते. म्हणून क्रमाने लिहितोय. समजवायला एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो, हा प्रश्न मीच इथल्यापुरता बनवलाय (एपीआय म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने वापरायची, स्वतःची स्क्रीन नसलेली सेवा):

"मेसच्या डब्यासाठी एपीआय बनवा. ग्राहक महिन्याचा डबा लावतो, मध्ये काही दिवस बंद ठेवू शकतो, महिन्याच्या शेवटी त्याचं बिल निघालं पाहिजे. अंदाजे ४ तास लागतील. ३ दिवसांत पाठवा."

## १. घ्यायची की नाही ते आधी ठरवा

मेल आला की लगेच लिंक उघडून रन करू नका. मेलचं डोमेन कंपनीचंच आहे का, पाठवणारा माणूस तिथे खरंच काम करतो का, एवढं पाच मिनिटांत कळतं. असाइनमेंटच्या आधी डिपॉझिट, रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचे पैसे असं काही मागितलं तर तिथेच थांबायचं.

दुसरा धोका बऱ्याच जणांना माहीत नसतो. खोटा इंटरव्ह्यू ठेवून डेव्हलपरला एक रेपो देतात, "हा चालवून बघा आणि यातला बग काढा" म्हणतात, आणि त्या रेपोच्या आतच चोरीचा कोड असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्स या सायबर सुरक्षा कंपनीच्या युनिट ४२ या टीमने अशी एक मोहीम उघड केली, तिला त्यांनी 'कंटेजियस इंटरव्ह्यू' नाव दिलं, आणि त्यात ब्राउजरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट चोरले जात होते. म्हणजे तुम्ही 'एनपीएम इन्स्टॉल' ही पॅकेज उतरवायची कमांड चालवलीत की काम तमाम.

सावध: रेपो समोरून मिळालाय तर तो रोजच्या लॅपटॉपवर सरळ चालवू नका. व्हर्च्युअल मशीनमध्ये (लॅपटॉपच्या आतला वेगळा, खोटा कॉम्प्युटर) चालवा, नाही जमलं तर निदान डॉकर कंटेनरमध्ये (प्रोग्रामसाठीचा वेगळा कप्पा), आणि घरचं फोल्डर त्याला जोडू नका. पॅकेज डॉट जेसनमध्ये पोस्टइन्स्टॉल किंवा प्रिपेअर नावाची, इन्स्टॉल करताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट आहे का ते इन्स्टॉलच्या आधी वाचा. व्हीएस कोड हा एडिटर फोल्डर उघडताना 'यावर विश्वास आहे का' विचारतो, तिथे सवयीने हो दाबू नका, आधी रिस्ट्रिक्टेड मोडमध्येच वाचा.

आणि तिसरं, काम फुकट करून घेण्याचा प्रकार. "आमच्या चालू ॲपमध्ये पेमेंटचं पेज जोडून द्या" अशी असाइनमेंट नसते, ते काम असतं. दोन-चार तासांची बनावट समस्या ठीक. दोन दिवस पूर्ण खाणारं काही असेल तर सरळ विचारा की छोटं करता येईल का किंवा याचे पैसे मिळतात का. नीट शब्दांत विचारलं तर नुकसान होत नाही, आणि ज्यांना त्याचा राग येतो त्यांच्याकडे पुढे काय होईल ते तिथेच समजतं.

## २. पेन घेऊन वाचा

स्क्रीनवर वाचून लोक ओळी गाळतात. प्रश्न कागदावर उतरवा किंवा प्रिंट काढा (भंवरकुआँला दर दहा पावलांवर झेरॉक्सवाला आहे) आणि तीन खुणा करा. जे मागितलंय त्याखाली रेघ. जे "असल्यास उत्तम" म्हटलंय त्याला गोल. आणि जे बोललेलंच नाही पण बोलायला हवं होतं, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. ही तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची, कारण तपासणाऱ्याला खरं तर तेच बघायचं असतं की तुम्हाला भोक दिसतं का.

डब्याच्या प्रश्नात बघा किती भोकं आहेत. बंद ठेवायचं तर किती आधी सांगायचं? बंद दिवसाचे पैसे परत मिळतात का पुढच्या महिन्यात वळते होतात? १५ तारखेला डबा लावला तर पहिल्या महिन्याचं बिल अर्धं का पूर्ण? फेब्रुवारीत २८ दिवस, मग एका दिवसाचा भाव जास्त धरायचा का? रविवारी मेस बंद असते का? डबा एकवेळचा का दोन वेळचा? घरी डबा लावलाय त्या प्रत्येकाला हे प्रश्न माहीत आहेत, मेसवाल्या काकूंशी यावरूनच तर वाद होतात, पण असाइनमेंट म्हटलं की डोकं सरळ टेबल बनवायला धावतं.

तपासा: रेघ मारलेल्या गोष्टी मोजा. डब्याच्या प्रश्नात त्या तीनच आहेत: डबा लावणं, बंद ठेवणं, बिल. लॉगिन नाही. स्क्रीन नाही. पेमेंट नाही. मी असे प्रोजेक्ट बघितलेत ज्यात लॉगिन, ओटीपी, ॲडमिनचा डॅशबोर्ड, डार्क मोड सगळं होतं आणि जे मुख्य मागितलं होतं तेच चुकीचं होतं.

## ३. सगळे प्रश्न एकाच मेलमध्ये, उत्तरासकट

विचारायला लोक घाबरतात, त्यांना वाटतं की विचारलं तर येत नाही असं दिसेल. उलट आहे. पण दिवसभरात पाच वेगवेगळे मेल पाठवू नका, आणि "बिल कसं काढायचं?" असा मोकळा प्रश्न पण नको. प्रत्येक प्रश्नासोबत तुमचं उत्तर लिहा. मेल इंग्लिशमध्येच जाईल, मजकूर साधारण असा:

"तीन गोष्टी स्पष्ट करून हव्या होत्या. एक, डबा बंद ठेवायचा असेल तर आदल्या रात्री १० पर्यंत सांगायचं असं मी धरतोय. दोन, बंद दिवसांचे पैसे त्याच महिन्याच्या बिलातून वजा होतील. तीन, एका दिवसाचा भाव म्हणजे महिन्याचा भाव भागिले त्या महिन्याचे दिवस. उद्या संध्याकाळपर्यंत वेगळं काही कळवलं नाहीत तर मी हेच धरून पुढे जातो."

याचा फायदा असा की समोरच्याने उत्तर दिलं नाही तरी तुम्ही अडत नाही. हाच मजकूर नंतर रीडमीमध्ये जातो. तीनच प्रश्न निवडा, ज्यांच्या उत्तराने कोड बदलेल असे. रविवारचं वगैरे स्वतः ठरवा आणि लिहून ठेवा.

याच मेलमध्ये अजून एक विचारून घ्या, एआय टूल वापरलं तर चालतं का. काही कंपन्या हो म्हणतात, काही स्पष्ट नाही म्हणतात. न विचारता वापरून नंतर लपवणं यात पोरं फार वाईट अडकतात, त्यावर शेवटी येतो.

## ४. वेळ उलटीकडून कापा

४ तास म्हणजे २४० मिनिटं. माझी वाटणी: वाचणं आणि प्रश्न ३०, सांगाडा ३०, मुख्य हिशोब ९०, टेस्ट ३०, कोऱ्या फोल्डरमध्ये चालवून बघणं ३०, रीडमी ३०. म्हणजे कोडला दोन तासच. कमी वाटतं ना, पण शेवटचे ९० मिनिटं ज्याने राखून ठेवली नाहीत त्याचंच प्रोजेक्ट माझ्याकडे येऊन बंद पडतं.

३ दिवस दिलेत म्हणून तिसऱ्या रात्री बसू नका. पावसाळ्यात इंदूरला लाइट कधी जाईल सांगता येत नाही, वायफायवाला माणूस दुसऱ्या दिवशी येतो, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डॉकरची इमेज उतरवत बसावं लागतं. पहिल्या दिवशी वाचणं, मेल आणि सांगाडा, दुसऱ्या दिवशी हिशोब आणि टेस्ट, तिसऱ्या दिवशी फक्त तपासणं. इन्स्टॉल करायचं ते सगळं पहिल्याच दिवशी.

वेळ जास्त लागला तर खोटं लिहू नका. "४ तास सांगितले होते, मला ६ लागले, जास्तीचे २ बंद दिवसांच्या हिशोबात गेले" हे वाचून मला त्या माणसावर जास्त विश्वास बसतो.

## ५. सांगाडा: आधी काहीतरी चालू करा

जी भाषा रोज लिहिता तीच घ्या. नोकरी 'गो' (Go) या भाषेची आहे म्हणून दोन दिवसांत ती शिकून लिहिलेला कोड लगेच ओळखू येतो. समोरच्यांनी अट घातली असेल तर गोष्ट वेगळी.

डेटाबेस एस्क्यूलाइट घ्या, जर दुसरा मागितला नसेल तर. तपासणाऱ्याला पोस्टग्रेस इन्स्टॉल करून, युजर बनवून, पासवर्ड टाकून मग तुमचं प्रोजेक्ट बघायला लावलं तर तो आधीच वैतागलेला असतो. एस्क्यूलाइटची एक फाइल असते, संपलं. पोस्टग्रेसच मागितला असेल तर डॉकर कंपोजची फाइल द्या म्हणजे एका कमांडमध्ये उठेल.

क्रम असा: रिकामं फोल्डर, गिट इनिट (गिट म्हणजे कोडचा इतिहास ठेवणारं टूल), गिटइग्नोर फाइल (गिटने काय घ्यायचं नाही त्याची यादी), मग 'सर्व्हर जिवंत आहे' एवढंच सांगणारा एक रूट (पत्ता), आणि पहिला कमिट (बदलांची नोंद). गिटइग्नोर पहिल्या कमिटच्या आधीच हवी, नंतर नाही. त्यात नोड मॉड्यूल्स (उतरवलेली पॅकेज), पायथनचा व्हेन्व्ह (त्या प्रोजेक्टपुरती वेगळी ठेवलेली पॅकेज), डेटाबेसची फाइल आणि एन्व्ह फाइल (पासवर्ड, गुप्त सेटिंग असलेली). एन्व्हचा नमुना वेगळ्या नावाने ठेवा, खोटी मूल्यं घालून.

सावध: एन्व्ह फाइल चुकून कमिट झाली आणि पुढच्या कमिटमध्ये डिलीट केली तरी ती गिटच्या इतिहासात राहतेच, कोणीही मागे जाऊन बघू शकतो. आतली गुप्त 'की' (key) लगेच रद्द करून नवीन काढा. फक्त फाइल उडवून काही होत नाही.

पॅकेजची लॉक फाइल (कुठलं पॅकेज नेमक्या कुठल्या व्हर्जनचं ते लिहिलेली) मात्र कमिट करायचीच. ती नसली तर माझ्याकडे दुसरंच व्हर्जन उतरतं आणि तुमच्याकडे चालणारं माझ्याकडे पडतं. पायथनवाल्यांची वेगळी चूक: व्हेन्व्ह न बनवता पिप फ्रीझ (इन्स्टॉल असलेल्या पॅकेजची यादी काढणारी कमांड) करतात आणि रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये लॅपटॉपवरचं झाडून सगळं येतं, ज्युपिटर, पांडाज, कॉलेजच्या प्रोजेक्टचं ओपनसीव्ही (फोटोंवर काम करायचं पॅकेज). डब्याच्या बिलाला ओपनसीव्ही कशाला हे मला विचारावंच लागतं मग.

कमिट छोटे करा, आणि प्रत्येक तासाला पुश करा, म्हणजे ऑनलाइन रेपोत चढवा. "फायनल", "फायनल २", "फिक्स" असे मेसेज नकोत. एकच मोठा कमिट असेल तर तुम्ही कसा विचार केलात ते दिसत नाही, कुठून तरी उचललंय अशी शंका पण येते.

## ६. मुख्य हिशोब: इथेच खरी परीक्षा आहे

या पायरीला जास्त जागा देतोय, कारण चांगले चांगले इथे चुकतात.

पैसे. रुपये दशांशात ठेवू नका. जावास्क्रिप्ट आणि पायथन दोन्हींत ०.१ अधिक ०.२ केलं की उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, कारण मशीन दशांश अपूर्णांक दोनच्या घातांत (बायनरीत) साठवतं आणि ०.१ तिथे नेमका बसतच नाही. पैसे पूर्ण संख्येत, म्हणजे पैशांत ठेवा, २,४०० रुपये म्हणजे २,४०,००० पैसे. दाखवतानाच रुपये करा.

राउंड करणं. महिन्याचा डबा २,४०० रुपये, महिना ३१ दिवसांचा, ग्राहकाने १० दिवस बंद ठेवला. एका दिवसाचे ७७.४२ होतात. रोजचा भाव आधीच राउंड करून ७७ धरलात तर वजावट ७७० रुपये. शेवटी एकदाच राउंड केलंत तर ७७४. चार रुपयांचा फरक, आणि तो ग्राहकाच्या खिशातून. कुठलंही एक धरा पण ठरवून धरा आणि लिहा. मी शेवटी एकदाच राउंड करायचं सांगेन.

दिवस मोजणं. ५ तारखेपासून १० तारखेपर्यंत बंद म्हणजे किती दिवस? १० वजा ५ म्हणजे ५ असं कोड म्हणतो, पण दोन्ही टोकं धरली तर ६ होतात. आता त्याच ग्राहकाने नंतर ८ ते १२ अशी दुसरी विनंती टाकली. सरळ बेरीज केली तर ६ अधिक ५, अकरा. खरे दिवस ५ ते १२, म्हणजे आठच. तीन दिवसांचे पैसे दोनदा परत गेले. आणि २८ जानेवारी ते ३ फेब्रुवारी बंद असेल तर जानेवारीच्या बिलात ४ दिवस आणि फेब्रुवारीच्या बिलात ३, अशी फोड झाली पाहिजे. माझ्याकडे ही असाइनमेंट आली तर मी सगळ्यात आधी हे तीनच आकडे टाकून बघेन.

सोपा उपाय: सुरुवात-शेवट अशी जोडी साठवण्यापेक्षा प्रत्येक बंद दिवसाची एक वेगळी ओळ साठवा, आणि ग्राहक अधिक तारीख यांच्यावर डेटाबेसमध्येच युनिक अट (तीच जोडी दोनदा पडू न देणारी) लावा. मग एकावर एक आलेल्या विनंत्या आपोआप एकच होतात, महिन्याची फोड म्हणजे नुसतं मोजणं राहतं, आणि बटण दोनदा दाबलं गेलं किंवा दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तरी दोन ओळी पडत नाहीत. कोडमध्ये आधी "आहे का" बघून मग टाकणं पुरेसं नाही, कारण बघणं आणि टाकणं याच्या मधल्या फटीत दुसरी विनंती घुसते. अट डेटाबेसमध्येच हवी.

तारीख आणि वेळ. सर्व्हर बहुतेक यूटीसीवर (जगाची प्रमाण वेळ) चालतो, आपण साडेपाच तास पुढे. १ फेब्रुवारीला रात्री १ वाजता कोणी डबा लावला तर यूटीसीमध्ये ते ३१ जानेवारी, संध्याकाळचे साडेसात. म्हणजे बिल मागच्या महिन्यात जातं. डबा हा दिवसाचा असतो, तासाचा नाही, म्हणून तो नुसती तारीख म्हणून साठवा. 'आता किती वाजले' लागतं ते फक्त रात्री १० च्या अटीसाठी, तिथे एशिया-कोलकाता टाइमझोन स्पष्ट लिहा. जावास्क्रिप्टमध्ये नुसती तारीख लिहिलेली स्ट्रिंग डेटमध्ये टाकली तर ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते, आपल्याकडे सकाळचे साडेपाच दिसतात म्हणून चूक लक्षात येत नाही, पण अमेरिकेत बसून तपासणाऱ्याला आदला दिवस दिसतो.

चुकीचा डेटा. शेवट सुरुवातीच्या आधी, नसलेला ग्राहक, निघून गेलेली तारीख. प्रत्येकाला समजेल असा मेसेज आणि योग्य स्टेटस कोड, ४०० (विनंती चुकीची) किंवा ४०४ (सापडलं नाही). माझी चुकीची तारीख टाकून तुमच्या सर्व्हरने ५०० (सर्व्हरच गडबडला) दिलं तर ते मी लिहून ठेवतो.

तपासा: बिल काढणारं फंक्शन डेटाबेस आणि वेब यांना हात न लावता एकटं चालतं का? महिना, भाव आणि बंद तारखा दिल्या की आकडा परत, एवढंच त्याने करावं. हे जमलं तर पुढची पायरी वीस मिनिटांत होते.

## ७. टेस्ट थोड्या, पण जिथे दुखतं तिथे

कव्हरेजच्या (टेस्टनी कोडचा किती भाग तपासला त्याच्या) टक्केवारीमागे लागू नका. 'सर्व्हर चालू होतो', 'ग्राहक सेव्ह होतो' अशा वीस टेस्टपेक्षा बिलाच्या सहा टेस्ट भारी. वरचे सगळे आकडे हातात आहेतच: १० दिवस बंद, एकावर एक आलेल्या तारखा, महिना ओलांडणारी विनंती, फेब्रुवारी २८ आणि २९ दोन्ही, पूर्ण महिना बंद, आणि १५ तारखेला लावलेला डबा. अपेक्षित उत्तर कागदावर हाताने काढा, कोड चालवून जे आलं ते कॉपी करून टेस्टमध्ये चिकटवू नका, नाहीतर चुकीचं उत्तरच बरोबर ठरतं.

## ८. कोऱ्या जागी चालवून बघा

ही पायरी कोणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त असाइनमेंट इथेच मरतात.

तुमच्या लॅपटॉपवर सगळं आधीच असतं: डेटाबेसची फाइल, एन्व्ह, ग्लोबल इन्स्टॉल केलेली पॅकेज. म्हणून नवं फोल्डर, त्यात गिटहबवरून (रेपो ऑनलाइन ठेवायची साइट) ताजा क्लोन, म्हणजे नवी प्रत, आणि मग फक्त रीडमीमध्ये लिहिलेल्या कमांड एकेक कॉपी करून चालवायच्या. डोक्यातून काही टाकायचं नाही. नोडवाल्यांनी एनपीएम सीआय चालवा, ते लॉक फाइलप्रमाणेच उतरवतं.

त्याच्यापुढे एक पाऊल, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर. माझी मामेबहीण तिलकनगरला राहते, तिने तिची असाइनमेंट पाठवण्याआधी मला फोन केला, "दादा, तू फक्त चालवून बघ, मी बाजूला सांगते." मी म्हटलं, "तू काही बोलायचंच नाही, मी रीडमी वाचून करतो." दुसऱ्याच कमांडला अडकलो. तिच्याकडे डेटाबेसचं टेबल महिन्यापूर्वी बनवलेलं होतं, ते बनवण्याची कमांड रीडमीत लिहायचीच राहिली होती. दहा मिनिटांत तिने जोडली. हे तिकडे गेलं असतं तर कोणी तिला कळवलंही नसतं.

तीन गोष्टी खास बघा. फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल: विंडोज आणि मॅक सहसा फरक करत नाहीत, लिनक्स करतं, म्हणून तुमच्याकडे चालणारा इम्पोर्ट लिनक्सवर 'फाइल सापडली नाही' म्हणतो. पोर्ट (सर्व्हर ज्या नंबरवर ऐकतो तो): ५००० वापरू नका, मॅकवर मॉन्टेरे व्हर्जनपासून तो ॲपलच्या एअरप्लेने धरलेला असू शकतो, आणि पोर्ट एन्व्हमधून बदलता येईल असा ठेवा. आणि नमुना डेटा: एका कमांडमध्ये तीन ग्राहक आणि काही बंद दिवस भरले गेले पाहिजेत, नाहीतर तपासणारा रिकाम्या यादीकडे बघत बसतो.

## ९. रीडमी

अर्धं पान ते एक पान, जास्त नको. आधी चालवायच्या कमांड. मग एक नमुना विनंती आणि तिचं उत्तर. मग 'मी काय धरलं' यात तिसऱ्या पायरीतला मेल जवळजवळ तसाच. मग 'काय केलं नाही आणि का': लॉगिन केलं नाही कारण मागितलं नव्हतं, रविवारची सुट्टी धरली नाही, वेळ असता तर आधी काय केलं असतं. शेवटी किती वेळ लागला आणि एआय कुठे वापरलं.

हे 'काय केलं नाही' लिहायला लोकांना लाज वाटते. लिहा. न लिहिलेली कमतरता मला सापडली तर ती चूक ठरते, लिहिलेली असली तर तो निर्णय ठरतो.

टूलने लिहून दिलेली, इमोजींनी भरलेली, न केलेली फीचरं सांगणारी रीडमी पाठवू नका. एकदा रीडमीत 'रिअल-टाइम नोटिफिकेशन' वाचलं आणि कोडमध्ये शोधत बसलो. नव्हतंच.

## १०. पाठवणं

माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी मी एका कंपनीला रेपोची लिंक पाठवली, रेपो प्रायव्हेट होता आणि मी कोणाला इन्व्हाइट केलंच नव्हतं. तिकडून काही आलं नाही, मी बारा दिवस वाट बघितली, मग कळलं की त्यांना ४०४ दिसत होता. जागा भरून गेली होती. म्हणून पाठवण्याआधी लिंक इन्कॉग्निटोमध्ये उघडून बघा. रेपो प्रायव्हेट असेल तर त्यांचं गिटहबचं नाव मागून कोलॅबोरेटर करा. ते इन्व्हाइट ७ दिवसांत संपतं, तेवढ्यात स्वीकारलं नाही तर परत पाठवावं लागतं. पब्लिक ठेवायचं का हे कंपनीला विचारून, कारण काही जण प्रश्न बाहेर जाऊ नये म्हणतात.

झिप मागितली असेल तर जीमेलची अडचण आहे. जीमेल २०१७ पासून जावास्क्रिप्टच्या फाइल अडवतं, झिपच्या आत असल्या तरी, आणि २५ एमबीच्या वर अटॅचमेंट जातच नाही. ड्राइव्हवर टाकून लिंक द्या आणि त्या लिंकची परमिशन दुसऱ्या अकाउंटवरून तपासा. झिपमध्ये नोड मॉड्यूल्स नको, पण गिटचं लपलेलं फोल्डर राहू द्या, म्हणजे कमिट दिसतील.

लाइव्ह लिंक (इंटरनेटवर चालू ठेवलेल्या प्रोजेक्टची) मागितली नसेल तर देऊ नका. दिलीत तर तिची जबाबदारी तुमची. प्रोजेक्ट ऑनलाइन चालवायच्या हेरोकू या सेवेचा फुकट प्लॅन २८ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला. तशाच रेंडर या सेवेवर फुकट चालवलं तर १५ मिनिटं कोणी आलं नाही की सर्व्हर झोपतो आणि उठायला मिनिटभर घेतो, तपासणाऱ्याला वाटतं बंदच आहे. निदान मेलमध्ये तसं लिहा.

सावध: डेडलाइनच्या दोन तास आधी नवीन काही जोडू नका. छोटा बग दिसला तर रीडमीत लिहून पाठवा. पाठवल्यावर त्याच ब्रांचवर गुपचूप पुश करत राहू नका.

## ११. नंतरचा कॉल

कॉलवर बहुतेक दोन गोष्टी होतात: "हे असं का केलंत?" आणि "आता यात एवढं बदला." डब्याचं घ्या, ते म्हणतील एकवेळचा आणि दोन वेळचा डबा वेगळा करा. म्हणून आदल्या दिवशी स्वतःचा कोड परत वाचा, आठवडा झाला की आपलंच लिहिलेलं परकं वाटतं. बदल कुठल्या फाइलींमध्ये जाईल ते आधी तोंडाने सांगा, मग टाइप करा.

एआयने लिहिलेली एखादी ओळ तुम्हाला सांगता येत नसेल तर ती पाठवण्याआधीच काढायची होती. कॉलवर "हे टूलने दिलं, मी असं तपासलं आणि हा भाग बदलला" म्हणणारा माणूस चालतो. "मीच लिहिलंय" म्हणून पुढच्या प्रश्नाला गप्प बसणारा तिथेच संपतो.

आणि आपल्या इंदूरच्या मराठी पोरांसाठी खास. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि कॉल इंग्लिशमध्ये. डोक्यात सगळं पक्कं असतं पण तोंडातून येत नाही. तीन निर्णय निवडा: पैसे पूर्ण संख्येत का, बंद दिवसाची एकेक ओळ का, युनिक अट डेटाबेसमध्ये का. तिन्ही मोठ्याने, इंग्लिशमध्ये, मोबाइलवर रेकॉर्ड करून बोला आणि ऐका. प्रत्येकाला एक मिनिट. तिसऱ्यांदा बोलाल तेव्हा वाक्यं सुटी होतात, इंग्लिश भारी असायची गरज नाही, "पॉज डेज ओव्हरलॅप होतात म्हणून" एवढं समजेल असं आलं तरी चालतं.

नकार आला तर एकच मेल: "कोडमधली कुठली एक गोष्ट कमी पडली ते सांगू शकाल का?" 'फीडबॅक द्या' असं मोकळं विचारलं तर उत्तर येत नाही, एक गोष्ट विचारली तर कधी कधी येतं. रेपो उडवू नका. कंपनीचं नाव आणि त्यांच्या प्रश्नाचा मजकूर त्यातून काढा, पब्लिक करायचा असेल तर त्यांना आधी विचारा, आणि गिटइग्नोर, नमुना एन्व्ह, टेस्टची मांडणी हे वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा, पुढच्या असाइनमेंटला सांगाड्याची ती ३० मिनिटं दहावर येतील.